बास पकडायला ल्यूर सोडून जिवंत आमिष लावायचं? आधी हा सगळा हिशेब समजून घ्या

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर बास फिशिंगचा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर कधीतरी आलाच असेल. चकचकीत बोट, अंगात स्पॉन्सरचे लोगो असलेला टीशर्ट, हातात रॉड आणि दोरीच्या टोकाला रबरी बेडूक नाहीतर रंगीबेरंगी प्लॅस्टिकचा मासा. पाण्यात फेकला, दोनचार झटके दिले आणि धप्प! हिरवट रंगाचा, भल्या मोठ्या तोंडाचा मासा पाण्याबाहेर उडी मारतो.

असे दहा व्हिडिओ बघितले की वाटतं, बास पकडायचा म्हणजे ल्यूरच हवा. ल्यूर म्हणजे कृत्रिम आमिष. पण अमेरिकेतल्या कुठल्याही तळ्याकाठच्या बेट शॉपमध्ये गेलात तर तिथे पाण्याच्या टाक्यांमध्ये छोटे जिवंत मासे फिरताना दिसतात, फ्रीजमध्ये गांडुळांचे डबे असतात. हे कोण विकत घेतं? ल्यूर इतके भारी असतील तर लोक जिवंत आमिषाकडे का वळतात? आणि वळताना नेमकं काय काय बदलावं लागतं?

विश्वविक्रम दोन, आमिषं दोन

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. बहुतेक तळ्यांत दोनतीन किलोचा बास सापडला तरी माणूस फोटो काढून मिरवतो. याचा विश्वविक्रम आहे साधारण १० किलोचा आणि तो दोघांच्या नावावर विभागून आहे.

पहिला जॉर्ज पेरी. २ जून १९३२ ला जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये त्याने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. तो काळ अमेरिकेतल्या महामंदीचा. पेरी विशीतला शेतकरी. त्याच्याकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून एकच ल्यूर होता असं सांगतात. तो क्रीक चब कंपनीचा होता. माशाचं वजन झालं, नोंद झाली आणि मग घरच्यांनी तो खाऊन टाकला.

त्यानंतर ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता याला पुलाच्या खांबाजवळ फिरणारा एक प्रचंड बास दिसला. त्याने गळाला जिवंत ब्लूगिल लावला होता. ब्लूगिल म्हणजे तळहाताएवढा चपटा मासा. बासने तो गिळला. वजन भरलं २२ पौंड ४.९७ औंस. म्हणजे पेरीपेक्षा जेमतेम एक औंस जास्त. पण आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या नियमानुसार या वजनाच्या माशात जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात. म्हणून बरोबरी जाहीर झाली.

एक विक्रम ल्यूरवर, एक जिवंत आमिषावर. त्यामुळे ‘कोणतं चांगलं?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे, कोणतं कधी चांगलं? आणि त्याची किंमत काय?

मग सगळीकडे ल्यूरच का दिसतात?

याचं उत्तर स्पर्धांमध्ये आहे. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ मध्ये अर्कान्सासमधल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी ‘बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी’ स्थापन केली. आज हिला सगळे ‘बास’ याच नावाने ओळखतात. या स्पर्धांमध्ये जिवंत आमिषाला बंदी आहे, फक्त कृत्रिम आमिष चालतं. पुढे टीव्हीवर याच स्पर्धा आल्या, मासिकांनी याच खेळाडूंच्या मुलाखती छापल्या आणि ल्यूर बनवणाऱ्या कंपन्यांनी यांनाच स्पॉन्सर केलं.

त्यात १९७२ पासून स्कॉटने पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची मोहीम सुरू केली. त्यामुळे ल्यूर, स्पर्धा आणि ‘पकडा आणि सोडा’ हे तिन्ही एकमेकांना चिकटले. जिवंत आमिष मागे पडलं ते चालत नाही म्हणून नाही, तर कॅमेऱ्यासमोर आलं नाही म्हणून.

माशाच्या डोक्यात काय चालतं?

बास हा दबा धरून बसणारा शिकारी. पाणवनस्पती, बुडालेलं झाड, धक्क्याचे खांब यांच्या आडोशाला तो थांबतो. भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. भक्ष्य ओळखायला तो डोळे वापरतोच, शिवाय त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक पार्श्वरेषा असते. तिच्यामुळे जवळच्या पाण्यातली हालचाल त्याला कळते.

ल्यूर या सगळ्याला फसवतो. चमक, थरथर, आवाज यांनी तो माशाला डिवचतो. अनेकदा बास भुकेपेक्षा नुसत्या प्रतिक्रियेने झडप घालतो, म्हणूनच वेगाने ओढलेला ल्यूरही चालतो. पण तोंडात गेल्यावर हे काहीतरी भलतंच आहे हे त्याला लगेच कळतं आणि तो थुंकून टाकतो.

जिवंत आमिषाला फसवावं लागत नाही. ते खरंच अन्न असतं. हालचाल खरी, वास खरा, चव खरी. वर आणखी एक गोष्ट म्हणजे भीती खरी. शिकारी जवळ आल्यावर छोटा मासा जसा बिथरतो तसं कुठल्याही प्लॅस्टिकला करता येत नाही.

मासे ल्यूर ओळखायला शिकतात का? नेदरलँड्समधल्या ब्यूकेमा या संशोधकाचा १९७० चा एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. तो बासवर नाही, तर पाइक या दुसऱ्या शिकारी माशावर होता. कृत्रिम स्पिनरने एकदा पकडले गेलेले पाइक पुन्हा स्पिनरच्या नादी सहसा लागले नाहीत. जिवंत आमिषाच्या बाबतीत मात्र त्यांनी असा धडा घेतलेला दिसला नाही. ज्या तळ्यावर दर शनिवार-रविवारी शंभर जण तेच ते ल्यूर फेकतात, तिथले बास हट्टी का वाटतात, याचा अंदाज यावरून येतो.

कधी बदलायचं?

जिवंत आमिषाकडे वळायची सगळ्यात योग्य वेळ म्हणजे जेव्हा मासा आहे, पण खात नाही.

थंडीची लाट येऊन गेल्यानंतर हे हमखास होतं. आभाळ निरभ्र होतं, ऊन लख्ख पडतं, माणसाला वाटतं काय सुंदर दिवस आहे, आणि बास मात्र आडोशात घुसून गप्प बसतो. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की तसंच होतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं शरीर मंदावतं. मग तो ल्यूरमागे पळत नाही. नाकासमोर हळूहळू वळवळणारं काहीतरी मात्र खातो.

दुसरी वेळ म्हणजे बास ल्यूरच्या मागे येतो, बघतो आणि परत फिरतो. तो इथेच आहे हे त्याने सांगितलं. आता त्याच जागी जिवंत आमिष सोडायचं. अनेक अनुभवी लोक असंच करतात, शोधायला ल्यूर आणि पटवायला जिवंत मासा.

तिसरी वेळ म्हणजे खरोखर मोठा मासा हवा असेल तेव्हा. फ्लोरिडामधले गाइड यासाठी गोल्डन शायनर वापरतात. हिवाळ्याच्या शेवटी अंडी घालण्यासाठी मोठ्या माद्या उथळ पाण्याकडे येतात. तिथल्या दाट पाणवनस्पतींच्या गालिच्याखाली ल्यूर जातच नाही, अडकतो. जिवंत शायनर मात्र स्वतःहून पोहत आत जातो.

आणि चौथी वेळ म्हणजे सोबत लहान मुलं असतील तर. ल्यूर जिवंत वाटावा अशी मनगटाची हालचाल शिकायला महिने लागतात. गांडुळाला ते शिकवावं लागत नाही.

कधी बदलायचं नाही?

मासे कुठे आहेत हेच माहीत नसेल तर जिवंत आमिष गैरसोयीचं. ल्यूरने तासाभरात अख्खा किनारा पिंजून काढता येतो. जिवंत आमिष एका जागी ठेवून वाट बघावी लागते. पहाटे किंवा संध्याकाळी बास पाण्याच्या पृष्ठभागावर उघड शिकार करत असतील तेव्हाही ल्यूरच बरा. गळावर नवा मासा लावेपर्यंत तो खेळ संपलेला असतो. आणि छोट्या माशांची गर्दी असलेल्या जागी गांडूळ सोडलं तर बासपर्यंत पोचायच्या आधीच ते कुरतडून साफ होतं.

काय काय बदलावं लागतं?

ल्यूर काढला आणि त्याच गळाला मासा अडकवला, इतकं हे सोपं नाही. ल्यूरमध्ये सगळं काम तुम्ही करता आणि आमिष तुमचं ऐकतं. जिवंत आमिषात काम आमिष करतं आणि तुम्ही त्याच्या आड न येण्याची काळजी घेता. बाकीचे बदल यातूनच येतात.

आमिष कोणतं? त्या तळ्यातला बास रोज जे खातो, ते. दगडगोट्यांचा तळ असेल तर क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला छोट्या शेवंडासारखा प्राणी. वनस्पतींनी भरलेलं पाणी असेल तर शायनर. गांडूळ जवळपास सगळीकडे चालतं, पण त्यावर लहान मासेच जास्त येतात.

गळ कुठे टोचायचा? यावर आमिष कुठे जाणार हे ठरतं. बोट हळू चालवत मासा मागे ओढायचा असेल तर गळ ओठांतून घालतात, म्हणजे तो सरळ पोहतो. फ्लोटखाली एका जागी ठेवायचा असेल तर पाठीवरच्या पराजवळ. आणि वनस्पतींच्या आत पाठवायचा असेल तर शेपटीकडच्या भागात, पोटाखालच्या पराजवळ, म्हणजे ओढ मागून लागते आणि मासा पुढे पळतो. क्रेफिशला शेपटीतून टोचतात, कारण तो घाबरला की उलटा पळतो आणि दोरी तशीच ओढली तर ते नैसर्गिक दिसतं.

वजन आणि फेक? वजन शक्य तितकं कमी. शिशाचा मोठा गोळा लावला तर मासा दमतो, दमलेला मासा हलत नाही, आणि न हलणाऱ्या माशासाठी पैसे कशाला मोजायचे? फेकतानाही जोरदार झटका नको. आमिष गळावरून सुटून एकीकडे जातं आणि गळ दुसरीकडे. झोका देऊन अलगद सोडायचं.

आमिष जगवायचं कसं? सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बादलीत पाणी घेतलं, दोन डझन मासे टाकले, तासाभरात निम्मे पोट वर करून तरंगायला लागले, असं होतं. कारण प्राणवायू. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्यात गरम पाण्यात माशाला प्राणवायू लागतोही जास्त. म्हणून बादली सावलीत ठेवा, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप लावा, गर्दी करू नका. नळाचं पाणी थेट भरू नका, त्यातलं क्लोरीन माशांना मारतं.

खुणा कशा ओळखायच्या? शायनर शांत पोहत असेल तर फ्लोट हळू डुलत राहतो. बास जवळ आला की शायनर बिथरतो, फ्लोट थरथरायला लागतो, कधी शायनर पाण्याबाहेर उडी मारतो. आणि मग फ्लोट गडप होतो. ही थरथर ओळखता यायला लागली की जिवंत आमिषाची अर्धी विद्या आली.

सगळ्यात मोठा धोका: गिळलेला गळ

आता मुद्द्याची गोष्ट. ल्यूर तोंडात गेल्या गेल्या बास थुंकून टाकतो, म्हणून ल्यूरवाले लगेच झटका देतात. गळ बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्यात लागतो. जिवंत आमिष मात्र बास थुंकत नाही, गिळतो. तुम्ही जितका उशीर कराल तितका गळ आत जातो, आधी घशात, मग त्याच्याही खाली. तिथे कल्ले जवळ, हृदय जवळ. गळ असा खोल गेलेले मासे परत पाण्यात सोडले तरी त्यातले बरेच मरतात. सोडताना मासा पोहत गेला म्हणजे तो वाचला असं नाही.

‘दहापर्यंत मोज आणि मग झटका दे’ असा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो. मासा घरी नेऊन खायचा असेल तर ठीक. सोडून द्यायचा असेल तर हा सल्ला माशाच्या जिवावर उठतो.

यावर एक उपाय आहे सर्कल हुक. या गळाचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी ताणली जाते, गळ घशातून सरकत बाहेर येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच, झटका द्यायचा नाही. दोरी ताणू द्यायची आणि सावकाश गुंडाळायला लागायचं. वर्षानुवर्षं ल्यूर वापरलेल्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं, कारण हात आपोआप वर जातो. झटका दिला की सर्कल हुक मोकळा बाहेर येतो आणि मग ‘हे गळ काही कामाचे नाहीत’ असं म्हणून लोक परत जुन्यावर जातात. सर्कल हुकवर काही मासे हुकतात हेही खरं आहे. पण जे लागतात त्यातल्या जास्त माशांना जगण्याची संधी मिळते.

आणि तरीही गळ खोल गेलाच तर? ओढून काढू नका. शक्य तितकी जवळून दोरी कापा आणि मासा सोडा. गळ उपटताना होणारी जखम बहुतेक वेळा आत राहिलेल्या गळापेक्षा वाईट असते.

उरलेल्या बादलीचं काय?

दिवस संपला, बादलीत आठदहा मासे उरले. दया येते, वाटतं सोडून देऊ तळ्यात, जगतील बिचारे. नेमकं हेच करायचं नाही.

रस्टी क्रेफिश हा मूळचा ओहायो नदीच्या खोऱ्यातला. आमिष म्हणून लोकांनी तो उत्तरेकडे नेला, उरलेला सोडला आणि आज विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या तळ्यांत तो तिथल्या मूळच्या क्रेफिशना हुसकावतोय, पाणवनस्पती साफ करतोय. गांडुळांचंही तसंच. मिनेसोटासारख्या, हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या भागात मूळची गांडुळं नव्हतीच. आपण गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतो, पण तिथल्या जंगलात वाळक्या पानांचा जो जाड थर असतो तोच हे परके पाहुणे संपवून टाकतात आणि त्यावर जगणारी झाडंझुडपं अडचणीत येतात. त्यांच्या पसरण्यात मासेमारांनी टाकलेल्या डब्यांचा मोठा वाटा आहे.

रोगाचा धोका वेगळाच. २००५ च्या सुमारास ग्रेट लेक्समध्ये व्हीएचएस नावाचा माशांचा विषाणू आढळला आणि पुढच्या काळात तिथे मोठ्या संख्येने मासे मेले. त्यानंतर अनेक राज्यांनी आमिषाचे मासे एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्यावर निर्बंध घातले. न्यूयॉर्कसारख्या राज्यात रोगमुक्त असल्याचं प्रमाणित आमिष घ्यावं लागतं आणि त्याची पावती जवळ ठेवावी लागते.

कुरिताच्या विक्रमाचीही दुसरी बाजू हीच आहे. बिवा तलावात बास परका आणि ब्लूगिलही परका. बास जपानमध्ये १९२५ मध्ये अमेरिकेतून आला. ब्लूगिल आला १९६० मध्ये, शिकागोच्या महापौरांकडून तेव्हाचे युवराज अकिहितो यांना मिळालेली भेट म्हणून. पुढे सम्राट झाल्यावर २००७ मध्ये त्यांनी याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आज बिवा तलावात पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडायला मनाई आहे. बाहेरचा मासा एकदा रुजला की परत काढता येत नाही, हे आपल्याकडे उजनीच्या चिलापीवरूनही कळतं.

म्हणून उरलेले मासे आणि गांडुळं पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायची. बादलीतलं पाणीही तळ्यात ओतायचं नाही, काठापासून दूर जमिनीवर ओतायचं.

कायदा आणि मनाचा प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एक लक्षात ठेवा. बहुतेक राज्यांत मोठ्या माणसाला मासेमारीचं लायसन्स लागतं, आणि आमिषाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. एका राज्यात ब्लूगिल आमिष म्हणून चालतो, शेजारच्या राज्यात त्यासाठी दंड होऊ शकतो. काही तळ्यांवर फक्त कृत्रिम आमिषच चालतं. निघण्याआधी त्या राज्याच्या मत्स्य विभागाच्या वेबसाइटवर पाच मिनिटं घालवा.

आणि एक प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे. एका माशाला पकडण्यासाठी दुसऱ्या जिवंत माशाला गळाला टोचणं योग्य आहे का? जर्मनीत जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला मनाई आहे, स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात तशीच बंदी आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी परवानगी आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्यासाठी गांडूळ हा मधला मार्ग आहे, नाहीतर ल्यूर आहेतच.

थोडक्यात काय, तर जिवंत आमिष ही नवशिक्यांची पळवाट नाही आणि हमखास यशाची गुरुकिल्लीही नाही. मासे सापडत नसतील तर ल्यूर फेकत राहा. मासा सापडलाय पण रुसलाय, पाणी गार आहे किंवा ल्यूर पोचत नाही अशा जागी तो बसलाय, तर आमिष बदला. मात्र त्याबरोबर गळ बदला, झटका द्यायची सवय बदला आणि बादली कुठे रिकामी करायची हे निघण्याआधीच ठरवून ठेवा.